पाटीमागे दोन आणे जास्त

१९५५ सालची गोष्ट. खारदांड्याची सगुणा कोळीण रोज सकाळी सहाला पापलेटाच्या पाट्या काशीरामच्या लॉरीत चढवून बाजार गाठायची. कोळीवाड्यातल्या बाकीच्या बायकांनी पाटीमागे दोन आणे वाचतात म्हणून दुसरी लॉरी धरली होती. ती कधी साडेपाचला यायची, कधी साडेसातला.

मालवाहतुकीत वेळेची किंमत किती, याची सरकारी पाहणी चालली होती. त्यासाठी मुलुंडचा विद्याधर नावाचा कारकून एके दिवशी पहाटेच सगुणाच्या दारात येऊन बसला होता.

"मावशी, माल अर्धा तास आधी पोचवला तर किती जास्त द्याल?"

"एक पैसा नाही. लिलाव आठला सुरू होतो. आधी जाऊन करू काय?"

"मग काशीरामला दोन आणे जास्त का देता?"

"तो सहाला येतो ना, त्याचे! मी पावणेसहाला मासळी बर्फातून काढते. गाडी कधी येईल ते ठाऊक नसलं, तर मासळी काढू कधी?"

नेमके त्याच दिवशी सहा वाजून गेले. सव्वासहा झाले. भरलेल्या पाट्यांकडे बघून सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात काशीराम सायकल दामटत आला. घामाने निथळत होता. "सगुणाबाय, वांद्र्याला गाडीचा आस मोडला. दुसरी लॉरी ठरवलीय, पावणेसातला येते. तोवर मासळी बर्फात ठेवा."

सगुणा आणि तिची सून भराभर कामाला लागल्या. विद्याधरनेही बाह्या सरसावून पाट्या उचलल्या.

"आज दोन आणे नका देऊ," काशीराम खालमानेने म्हणाला. "उशीर झाला."

"गप रे! आजचेच तर खरे. गाडीपाशी डोक्याला हात लावून बसला असतास, तर माझी मासळी उन्हात गेली असती. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. तुझ्या भरवशावर घर चालवलं मी."

विद्याधरच्या कागदावर उशिराला रकाना होता, आधी कळवण्याला नव्हता. त्याने समासात लिहिलं : 'पाऊण तास उशीर. वेळेत कळवलं. नुकसान काही नाही.'

पावणेसातला लॉरी खरंच आली. पाट्यांशेजारी चढून बसता बसता सगुणा सुनेला ओरडून म्हणाली, "अगं, काशीरामला भाकर-कालवण वाढ. उपाशी धाडू नको त्याला!"

लिलाव सुरू व्हायच्या आत ती बाजारात पोचली. पापलेटाला रोजचा भाव आला.