चार बायकांसमोर

तुकिनेमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ती अंगणात कसाव्याचे काप वाळत घालत होती. तिचा नवरा वागिरान गाडी आणायला निघाला, पण त्याची थोरली बहीण लासियेम आडवी आली. जावा बेटावरच्या त्या गावात दुखणं चोळून काढायचं ते लासियेमनंच.

"वारा भरलाय तिच्या अंगात. दवाखाना कशाला?"

"अक्का, डावा हात दुखतोय म्हणते. घाम बघ किती आलाय."

"तो दवाखान्यातला डॉक्टर आईच्या पोटात होता तेव्हा ते पोट मी चोळलंय. तू नारळ सोलायचं बघ."

शेजारच्या चार बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. वागिरान तिथंच नारळ सोलायला बसला. लासियेमनं तेल लावलं आणि नाण्याच्या कडेनं तुकिनेमची पाठ खरवडायला घेतली. लाल पट्टे उठले. मध्येच तिचा हात थांबला. तिनं पाठीला कान लावला, बराच वेळ. मग म्हणाली, "निघतोय वारा," आणि पुन्हा खरवडू लागली.

दुपारच्या बांगेआधी तुकिनेम गेली.

"तिची वेळ भरली होती," लासियेम सगळ्यांना सांगत राहिली. वागिराननंही ते मानलं. सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल?

तुकिनेमच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात शेजारचा जुमादी हातातला घास टाकून छाती धरून वाकला. माणसांनी लासियेमला बोलावलं. तिनं नाणं काढलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाणं परत कनवटीला लावलं.

"हे मला कळत नाही. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

जुमादी वाचला. आठवड्यानं घरी आला. त्याच्या बायकोनं लासियेमला केळीचा घड नेऊन दिला. गावभर एकच बोलणं, म्हातारी किती शहाणी!

वागिरान बहिणीकडे गेला. तिनं आल्याचा काढा पुढे ठेवला.

"त्या दिवशी तुझा हात थांबला होता, अक्का. मी बघितलं."

तिनं पेला त्याच्याकडे सरकवला.

"तुला वारा वाटला होता का? खरं सांग."

"नव्हता वाटला."

"मग?"

"काय आहे तेच कळेना. चार बायका बसल्या होत्या, वागी. तू दवाखाना म्हणालास, मी तुला उडवून लावलं होतं. मग त्यांच्यासमोर कसं म्हणू, मला कळत नाही?"

"जुमादीच्या वेळी अख्खं गाव बसलं होतं."

"तुकिनेम गेली म्हणून तर म्हणता आलं."

लासियेम रडायला लागली. लहानपणी ती रडली की तोही रडायचा. आज त्याला रडू आलं नाही. त्या चौघींना तो ओळखत होता. त्यातल्या दोघींना तर आता आठवतही नसेल, लासियेम त्या दिवशी काय म्हणाली होती.

"काढा निवतोय," ती डोळे पुसत म्हणाली.

त्यानं पेल्याला हात लावला नाही. उठला, चपला घातल्या आणि घरी गेला.