तीन वर्षांचा बाँड

"पद्मजा, या फॉर्मवर माझं नाव टाइप कर," खांबेटे बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या.

"अहो बाई, हा ट्रेनिंगचा बाँड आहे."

"माहितीये. म्हणूनच म्हणतेय."

शहाण्णव सालची गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरची सगळी माहिती फॉक्सप्रो या जुन्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये होती, ती ओरॅकल या नव्या सिस्टीमवर न्यायची होती. त्यासाठी ठाण्याला दीड महिन्याचं ट्रेनिंग, कंपनीच्या खर्चाने. जाण्याआधी लिहून द्यायचं की परत आल्यावर तीन वर्षं इथेच काम करीन. पर्सोनेलमध्ये हे बाँड मीच टाइप करायची. पहिला चंदू गेला. शिकून आला आणि चार महिन्यांत पठ्ठ्या अमेरिकेला! मग मीनल. तिने तर नीट खुर्चीही गरम केली नाही, गेली सिंगापूरला. आमच्या मॅनेजर सबनीस साहेबांनी दोघांना वकिलाची नोटीस पाठवली, ती पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत आली. दोन्ही बाँड माझ्या फायलीत पडून राहिले.

इकडे दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालू आणि मालाचे आकडे काही केल्या जुळेनात. चूक शोधणार कोण? खांबेटे बाई. बारा वर्षं स्टोअरच्या नोंदी सांभाळलेल्या, कुठला डबा कुठल्या कोडखाली आहे ते तोंडपाठ. पण ओरॅकल त्यांना शिकवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. जुनी सिस्टीम बंद झाली की त्यांना गेटवर पास लिहायला बसवायचं ठरलं होतं. ती ऑर्डर माझ्याच ड्रॉवरमध्ये होती आणि बाईंना ते कळलं होतं. खरं सांगते, त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

नाव टाइप केलं आणि त्यांच्याबरोबर सबनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"तुम्हाला कशाला बाँड?" साहेब हसले. "तुम्ही कुठे पळून जाणार, बाई?"

"मग मलाच आधी पाठवायचं ना साहेब. तुम्ही पळणाऱ्यांना पाठवलंत."

साहेबांचं हसू मावळलं. "तुमची रिटायरमेंट कधी?"

"शिकून आले की चौदा महिने उरतात."

"बघा. फॉर्म तीन वर्षांचा आहे. हेड ऑफिसला मी काय सांगू? तुम्हाला बाँड बसतच नाही."

बाईंनी साहेबांच्याच टेबलावरचं पेन उचललं, 'तीन वर्षे' खोडलं, वर 'चौदा महिने' लिहिलं, सही केली.

"आता बसतो. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. पण गेटवर मी बसणार नाही, घरी बसेन."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी केबिनमध्ये तोंड उघडत नाही. त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "साहेब, आकडे बाईच जुळवतील," मी म्हटलं.

साहेबांनी सही केली.

बाई ठाण्याला विशीतल्या पोरांमध्ये जाऊन बसल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. रविवारी हेंद्रेपाड्यात त्यांच्या घरी गेले तर म्हणाल्या, "अगं, माझं डोकं म्हणजे जुनं पोतं झालंय. वरून भरते, खालून गळतं." बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मात्र पास झाल्या. परत आल्यावर अडीच महिन्यांत आकडे जुळले, जुनी सिस्टीम बंद झाली, आणि स्टोअरच्या हिरामणला बाईंनी हाताला धरून नवी शिकवली. गेटपासची ऑर्डर मी फाडून टाकली, कुणाला न विचारता.

बाई रिटायर झाल्या त्या दिवशी शाल, नारळ, साहेबांचं लांबलचक भाषण, सगळं यथासांग झालं. मग त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"माझा बाँड काढ. शिक्का मार त्यावर."

बाँड पूर्ण झाल्याचा शिक्का कंपनीने करून घेतला होता खरा, पण तो कधी वापरलाच नव्हता. रबराला शाईचा थेंबही लागलेला नव्हता. पहिल्यांदा फिका उठला, म्हणून मी पुन्हा दाबून मारला.

बाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची नीट चौपदरी घडी करून तो पर्समध्ये ठेवला आणि निघाल्या. शाल माझ्या टेबलावरच राहिली.