पांढरी कव्हरं आणि बिनझाकणाचा टोप

माझा नवरा कुंदन सीटबेल्ट लावायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. म्हणाल, बाई, हे उलटं कसं? ऐका तर खरं. ही दोन हजार सहा सालातली गोष्ट. बेल्ट नव्हता तेव्हा हा माणूस पनवेलच्या बाजारातून व्हॅन इतकी जपून काढायचा की पुढे बैलगाडी असली तर हॉर्न वाजवत तिच्याच मागे राहायचा. मग नाक्यावर पोलीस अडवायला लागले, ह्याने बेल्ट लावला, आणि तो खट्‌कन बसला रे बसला की ह्याच्या अंगात वारं शिरायचं. "बेल्ट हाय ना? काय होत नाय!" अहो, बेल्ट त्याला होता. मी मागे, सातवा महिना, धरायला फक्त त्याच्या सीटची पाठ!

शेवटी मी सांगून टाकलं, "गव्हाणला माहेरी डोहाळजेवणाला मी एसटीने जाते. आणि बाळंतपणालाही तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही." तो हसला. माझ्या सासूबाई, ठमाबाई, हसल्या नाहीत.

जायच्या दिवशी सकाळी त्या जिताडा माशाच्या कालवणाने काठोकाठ भरलेला टोप घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. बेल्ट लावला, टोप मांडीवर घेतला आणि एसटीला निघालेल्या मलाही मागे बसायला लावलं.

"आये, झाकण कुठं हाय?" कुंदन ओरडला.

"घरी रायलं."

"अगं, माझी कव्हरं!" आठवड्यापूर्वीच त्याने पांढरीशुभ्र सीट कव्हरं घातली होती. आम्हाला पाय झटकून बसायला लावायचा मेला.

"मंग नीट चालव," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

काय सांगू! खड्डा आला की व्हॅन मुंगीच्या पावलाने उतरायची. रिक्षा पुढे गेल्या, सायकली पुढे गेल्या. गव्हाणला उतरला तेव्हा कुंदन घामाघूम, पण तोंडभर हसू. "बघ निशा, थेंब सांडला नाय!"

माझं डोकंच फिरलं. रडायलाच आलं. "कालवणासाठी जमतं रे तुला! आणि माझ्या पोटात काय आहे, ताक?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. जेवतानाही तो मान वर करेना.

दोन महिन्यांनी कळा सुरू झाल्या. एसटीचं नावही न काढता मी त्याच्याच व्हॅनमध्ये बसले, तर गाडी अशी सावकाश की मीच किंचाळले, "अरे मेल्या, आता तरी पळव!"

"नाय. नीट नेणार," तो म्हणाला, आणि नीट नेलं. मुलगी झाली, गोरीगोमटी, ठणठणीत.

चौथ्या दिवशी घरी निघालो. वाटेत लेकीने झोपेतच दुपटं भिजवलं आणि पांढऱ्या कव्हरवर हा मोठा डाग पडला. मी घाईघाईने पदराने पुसायला लागले. कुंदनने आरशात पाहिलं.

"पडू दे," तो हसत म्हणाला, "तिचीच गाडी हाय."

पुढे एक बैलगाडी चालली होती. लेक झोपली होती म्हणून त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.