कांदाचाळीच्या वेबसाइटची विक्री

न्हावऱ्याच्या सत्यजीतला अपेक्षाशी बोलायला वर्षातून एकच कारण मिळायचं. दर डिसेंबरात वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, नव्यानं नोंदवावं लागे. खातं सत्यजीतचं होतं. पण २०१६ साली ते उघडलं त्या दिवशी त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून नंबर अपेक्षाचा टाकला होता. त्यामुळे ओटीपी दौंडला, तिच्या फोनवर जाई आणि तो विचारायला सत्यजीत फोन करी. नंबर बदलायला दोन मिनिटं लागली असती. असे आठ डिसेंबर गेले, त्यानं बदलला नाही. तिनंही कधी बदल म्हटलं नाही.

वेबसाइट कांदाचाळीची, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीची होती. चाळीची मापं, बांबू-पत्र्याचे दर, मिस्त्रींचे नंबर, अनुदानाचा अर्ज. दोघं शिरूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, तेव्हा सुरू केलेली. मापं आणि फोटो त्याचे, लिखाण तिचं.

सुरुवातीलाच एक चूक झाली. एक पाखी, म्हणजे एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर बांधतात, दोन पाखी पूर्व-पश्चिम. अपेक्षानं नेमकं उलटं लिहिलं. वडगाव रासाईच्या सोपानरावांनी ते वाचून रानात चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारल्या आणि पाया खणायच्या आदल्या दिवशी शंका विचारायला फोन केला. दोघं मोटारसायकलवर गेले, रेषा पुसल्या, नव्या मारल्या. सोपानराव बांधावर बसून बघत होते.

"एक चुकलं की दुसरं सावरतंय. ब्येस जोडा हाय," ते म्हणाले. "लग्नाला किती वर्सं झाली?"

"दोन," अपेक्षा म्हणाली.

परतताना सत्यजीतनं विचारलं, "दोनच का?"

"एक म्हटलं असतं तर त्यांनी पेढे मागितले असते."

तो हसला. विचारायचं होतं ते त्यानं तिथंही विचारलं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. नवरा विक्रम रेल्वेत, दौंडला. क्लास बंद पडला, सत्यजीत शेती बघू लागला. वेबसाइट तेवढी चालू राहिली.

यंदा ऑक्टोबरात नाशिकहून एक गिऱ्हाईक आलं. चालू वेबसाइटी विकत घेऊन वाढवायच्या, हा त्या माणसाचा धंदा. वेबसाइटचं वय, रोजचे वाचक, जाहिराती असं सगळं तपासून त्यानं चांगली किंमत सांगितली. सत्यजीतनं अपेक्षाला फोन केला. ती नको म्हणेल, असं त्याला वाटत होतं.

"निम्मी तुझी हाय. तू म्हणशील तसं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"मग विकू," ती म्हणाली.

सत्यजीतचे वडील मारुतराव यांनी व्यवहाराचं ऐकलं आणि एकच चौकशी केली. "गाय विकली तरी दावं आपण देत न्हाई. तू काय ठेवून घेतलंस?"

"वेबसाइटला दावं नसतंय, आबा."

"मंग गोठ्यासकट दिलीस म्हण की."

त्या संध्याकाळी सत्यजीतनं नाशिकला विचारून पाहिलं. बाकी सगळं घ्या, खात्यावरचा मोबाइल नंबर तेवढा तसाच राहू द्याल का? तो माणूस हसला. "साहेब, तीच तर चावी. तिथं नंबर माझाच लागणार."

१२ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता खातं हस्तांतरित करायचं ठरलं. ओटीपी दहा मिनिटं चालतो.

"आला का?" सत्यजीतनं विचारलं.

"आला." पण आकडे तिनं सांगितले नाहीत. "कांद्याचं कुठवर आलंय?"

"रोप टाकलंय. पोरगी काय म्हणतीय?"

"पहिलीत आहे. माझ्यासारखीच, सगळं उलटं लिहिते."

"मग तिच्या रेषा पुसायला कोण जातंय?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

बोलता बोलता बारा मिनिटं झाली. "मुदत संपली की," तो म्हणाला.

"परत पाठव."

दुसराही तसाच गेला. तिनं सोपानरावांच्या चाळीचं विचारलं. उभी आहे, वारा बरोबर लागतो, माल सडत नाही, असं त्यानं सांगितलं. मुदत तशीच संपली.

तिसऱ्या वेळी नाशिकवाल्याचा फोन मध्ये वाजू लागला. अपेक्षानं सहा आकडे एकेक करून सांगितले. शेवटचा सांगायला तिला वेळ लागला. सत्यजीतनं तो भरला. खात्यावरचा तिचा नंबर गेला, तिथं नाशिकचा आला.

"झालं?"

"झालं."

"बरं."

"बरं."

आठ दिवसांनी संध्याकाळी त्यानं तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल."

"काय न्हाई. असंच."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली, मग विक्रमचा आवाज आला, "कोणाय गं?"

इतकी वर्षं तिच्याजवळ याचं उत्तर होतं. वेबसाइटचं काम आहे. ते खरंही होतं.

"राँग नंबर लागलाय तुम्हाला," अपेक्षा म्हणाली.

फोन बंद व्हायला त्यानंतर अकरा सेकंद लागले.