पुतळ्याचा हात

पुतळा सुरेखच झाला होता, आणि सरांचं दुखणं नेमकं तेच होतं. भालाफेक शिकवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. पुतळा वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळे झाले असते. पण ओतकामाच्या कारखान्यात उभी असलेली ती ब्राँझची खेळाडू हुबेहूब त्यांचीच शिष्या होती. ते तिला पोरगीच म्हणत. मागे झुकलेली कंबर, उचललेली टाच, मानेवरची ताठ शीरसुद्धा तिचीच. फक्त भाला उजव्या हातात होता.

पोरगी डावखुरी. शाळेत त्या हातावर पट्ट्या बसल्या, घरी आईने तो फडक्याने बांधून तिला जेवायला बसवलं, मैदानावर तर जो तो शहाणपण शिकवायला टपलेला. एकट्या सरांनी सगळ्यांशी भांडून तो हात वाचवला होता. उभ्या आयुष्याची त्यांची कमाई म्हणजे तो एक डावा हात.

शिल्पकार घाम पुसत म्हणाला, "मासिकातल्या फोटोवरून केला, सर. त्यांनी पानाच्या सोयीसाठी फोटोच आरशातल्यासारखा उलटा छापला, मला काय माहीत!"

"मग बदला."

"मेणाचा नमुना होता तोवर जमलं असतं. आता नुसता हात नाही, पाय, कंबर, सगळंच उलट आहे. नवाच ओतावा लागेल."

"मग नवा ओता!"

पुतळा समितीचे अध्यक्ष शेजारीच होते. ते हसले. "सर, उद्या अनावरण आहे. उजवा काय नि डावा काय, भाला पुढेच जातोय ना?"

सर ओरडले, मग हातापाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी पोरीलाच फोन लावला. ती म्हणाली, "असू दे ना, सर. लोकांनी एवढं कौतुकाने केलंय."

दुसऱ्या दिवशी पडदा सरला, टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्यांनी तिला चौथऱ्यासमोर उभं करून भाला दिला. तिने तो सवयीने डाव्या हाताने उचलला.

"मॅडम, पुतळ्यासारखा धरा ना. जुळत नाहीये."

तिने गर्दीत सरांना शोधलं. सर पुतळ्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. तिने भाला उजव्या हातात घेतला. टोक कलंडलं. एक फोटोवाला पुढे झाला आणि नवख्या मुलीला शिकवावं तसं त्याने तिचं कोपर वर उचललं.

"हां, आता बरोबर!"