न उघडलेली पुरवणी

“सर, ‘बेरजेची चूक’ इथं खूण करा आणि मोकळे व्हा,” परीक्षा विभागातल्या क्लार्कबाई म्हणाल्या. “पाचला खिडकी बंद होते. आजची शेवटची तारीख आहे.”

सरांनी पेन उघडलं, पण हात पुढे सरकेना. समोर गुणबदलाचा अर्ज होता आणि शेजारी उत्तरपत्रिका. तिच्या मागे दोऱ्यानं बांधलेली चार पानांची पुरवणी. निकालाच्या वेळी सरांनी ती उघडूनच पाहिली नव्हती. मुलगी तीन गुणांनी नापास झाली होती.

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निदान कालपर्यंत सरांना तसं वाटत होतं.

मुलीच्या तक्रारीवरून काल त्यांनी पुरवणी तपासली. चांगले सतरा गुण निघाले. पण ‘बेरजेची चूक’ म्हणून पाचच गुण वाढवता येत; त्याहून जास्त वाढवायचे, तर ‘उत्तर तपासायचं राहिलं’ असं कारण लिहावं लागे, आणि मग विभागाच्या बैठकीत शिक्षकाचं नाव मोठ्यानं वाचलं जाई. हा नियम सरांनीच हट्टानं करून घेतला होता. “चुकणाऱ्याला लाज वाटलीच पाहिजे,” असं तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाले होते. गेल्या वर्षी एका नव्या प्राध्यापिकेचं नाव वाचलं गेलं. ती सबंध बैठक मान खाली घालून बसली आणि सर निवांत चहा पीत होते.

पाच गुण दिले तरी पोरगी पास होतेच की! सरांनी ‘बेरजेची चूक’वर खूण केली, सही ठोकली आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

जिन्यात ती मुलगीच वाट बघत उभी होती.

“सर, झालं का हो माझं?”

“पास आहेस.”

तिचे डोळे भरून आले. “सर, तुमचे उपकार कसे फेडू? कोण बघतं हो दुसऱ्यांदा? मी घरी सांगत होते, पुरवणीतले दोन्ही प्रश्न बरोबर लिहिलेत म्हणून. पण बाबा म्हणाले, एवढे कडक सर, त्यांचं चुकेल होय? तूच काहीतरी खरडलं असशील. मग मलापण तसंच वाटायला लागलं.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू बरोबरच लिहिलं होतंस,” ते कसेबसे म्हणाले. “मी पुरवणी उघडलीच नाही.”

ती काही बोलायच्या आत ते पुन्हा जिना चढू लागले. पाच वाजायला चार मिनिटं होती.

“बाई, तो अर्ज परत द्या. कारण बदलायचंय. गुणही.”

“अहो सर, कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“मूठ माझी आहे, बाई. गुण तिचे आहेत.”

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. विभागप्रमुखांनी कागद हातात घेऊन घसा खाकरला. “एका ज्येष्ठ शिक्षकाकडून अनवधानानं...”

“नाव वाचा,” सर म्हणाले.

“राहू द्या हो, सर. तुमचं कशाला...”

“गेल्या वर्षी राहू दिलं नव्हतं.”

प्रमुखांनी नाव वाचलं. सर उभे राहिले. उभं राहावं असं नियमात कुठं लिहिलं नव्हतं, पण त्यांना बसवेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ती नवी प्राध्यापिका तेवढी मुद्दाम आपल्या वहीत बघत राहिली.