दोन बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. माझी गोष्ट जरा घाईने सांगतो, कारण माझ्या पाठीवर कपाटं चढवायचं काम चालू आहे. ते संपलं की निघावं लागेल, आणि आज मला निघायची भीती वाटते आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पत्रा जाड असायचा आणि नखरे कमी. चार उंच, अरुंद चाकं आणि त्यांवर चकचकीत गोल टोप्या, एवढाच माझा दागिना. माझ्या बांधणीतली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. माझ्या चारही ब्रेकांचं तेल एकच आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. नव्या गाड्यांत तसं नसतं म्हणे. नशीबवान आहेत बिचाऱ्या.

एका सुतारमिस्त्रींनी मला विकत घेतलं. त्यांचं वर्कशॉप टेकडीच्या माथ्यावर आणि गिऱ्हाईक सगळं खाली गावात. पलंग, टेबलं, शाळेची बाकं, काय काय म्हणून मी खाली नेलं नाही! "ही गाडी नाही, माझा उजवा हात आहे," असं मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि मी फुशारून जायचो. मग त्यांची कंबर धरली आणि मी शेडमध्ये पडून राहिलो. टायरांना भेगा पडल्या. मांजरीने माझ्या सीटवर बाळंतपण उरकलं. कुत्रंही फिरकलं नाही माझ्याकडे.

पुढे मिस्त्रींच्या मुलीने रंधा हाती घेतला आणि मलाही बाहेर काढलं. "भंगारात नाही घालायची. मी चालवणार," ती म्हणाली. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला. राहिली फक्त चाकं.

टायरवाल्याने दोन प्रकार पुढे ठेवले. एक माझ्या जुन्या मापाचा, अरुंद. दुसरा रुंद, खोल खाचांचा, झळझळीत रिमवर चढवलेला.

"बाबा, हेच घेऊ," मुलगी अरुंद टायरवर हात ठेवून म्हणाली. "गाडीला शोभतात. मापही तेच आहे."

"शोभा काय चाटायचीय? तो उतार तू उतरणार. पकड घट्ट हवी. रुंदच घे."

"पण बसतील का?"

"मोजायला मी मेलोय का?"

मिस्त्रींच्या मापात केसाचा फरक पडलेला मी कधी पाहिला नव्हता. टायरवाल्याने एक रुंद चाक चढवून दाखवलं. मिस्त्रींनी पट्टी काढली, कण्हत गुडघे टेकले, पट्टी चाकामागच्या फटीत घालून मोजलं आणि वर बोटंही घालून पाहिली. "दोन बोटं जागा आहे. बसवा सगळी."

चूक झाली ती इथेच. त्यांनी मला कपाटासारखं मापलं. कपाट एकदा उभं केलं की उभंच राहतं. मी तेव्हा रिकामा होतो, थांबलेला होतो, माझी चाकं सरळ होती. माल भरला की मी खाली बसतो, आणि पूर्ण वळलो की चाकाची कड आत येते. नेमकी तिथेच माझी ब्रेकची रबरी नळी आहे.

पहिल्याच फेरीला फाटकातून डावीकडे वळताना टायर नळीला घासला. संध्याकाळी मुलीने सांगितलं, "बाबा, वळताना खसखस आवाज येतोय."

"नवी चप्पलसुद्धा चार दिवस चावते. होईल सवय."

तिला काही ते पटलं नाही. तिने मला अंगणात उभं केलं आणि टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. पण चाकं सरळ होती. दोन बोटांची जागा जशीच्या तशी होती. तिला बरं वाटलं. मला रडू आलं.

रस्त्यावर मात्र कौतुकच कौतुक. "काय मिस्त्री, म्हातारीला नवे जोडे!" लोक माझे फोटो काढत. प्रत्येक वळणाला नळी थोडी झिजत होती. आता तिचा पापुद्रा तेवढा उरला आहे.

आजचा माल सगळ्यांत जड आहे. दवाखान्याची कपाटं आहेत. लेक उतारावर गाडी कशी चालवते ते बघायला आज मिस्त्रीही येणार आहेत. आत्ता दोरखंड आवळला गेला. दोघं पुढे येऊन बसले. मी मनाशी ठरवलं आहे, आज चालू व्हायचंच नाही. इंजिन रुसलं तर मेकॅनिक येईल, खाली शिरेल, त्याला नळी दिसेल.

तिने चावी फिरवली आणि मी लगेच चालू झालो.

"एका चावीत! बघितलंस?" मिस्त्रींनी माझ्या दारावर थाप मारली. "जुनं ते सोनं!" या शाबासकीवर मी आयुष्य काढलं. आज ती नको होती.

मित्रांनो, जुन्या गाडीला पुसा, रंगवा, नवी चाकं घाला, हरकत नाही. पण ती भरलेली असताना, वळलेली असताना एकदा तिच्या खाली डोकवा. ती कुरकुरली तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. आम्हांला दुसरं बोलता येत नाही.

फाटक उघडलं. बाहेर लगेच डावं वळण आहे आणि वळणापुढे उतार. मुलगी स्टिअरिंग फिरवते आहे, आणि तिचे बाबा कौतुकाने तिच्या हातांकडे बघत आहेत.

पोरी, थांब. चाक असंच वळलेलं ठेव, खाली उतर आणि बघ.